फुगलेली भिंत आणि चार सह्या

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी गावठाणातलं कवेलूचं जुनं घर साडेचार लाखांत मिळतंय. मागची भिंत फुगलीय, छताची एक मयाल (तुळई) उधईनं खाल्लीय. घर विकणाऱ्याच्या वडिलांचं. ते मृत्युपत्र न करता वारले. नमुना ८ वर आता त्याचं एकट्याचं नाव आहे. आई हयात आहे, दोन बहिणी नागपूरला दिल्यात. तो म्हणतो, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करू, पन्नास हजार इसार आजच द्या. घ्यावं का?

उत्तर : भाऊ, इसार आज देऊ नका.

नमुना ८ हा घरपट्टीचा उतारा. कर कोणाकडून घ्यायचा एवढंच त्यावरून कळतं, मालकी ठरत नाही. वडिलांच्या मागे आई, मुलगा आणि दोन मुली असे चार वारस आहेत. घर वडिलांच्या स्वकमाईचं की वडिलोपार्जित, यावर हिश्शांचा हिशेब बदलेल. सह्या चौघांच्याच लागतील. ‘पोरी लग्न होऊन गेल्या, त्यांचा काय संबंध?’ हे मी जवळजवळ रोज ऐकतो. भाऊ राहत असलेल्या घराची वाटणी बहिणींना स्वतःहून मागता येत नसे, हे खरं. पण हिंदू उत्तराधिकार कायद्यातलं ते कलम २३ सन २००५ मध्येच गेलं.

नोटरीच्या कागदानं घर तुमचं होत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच हवं, आणि त्यात चौघंही ‘लिहून देणार’, म्हणजे विकणारे म्हणून हवेत. बहिणींना नुसतं ‘संमती देणार’ म्हणून बसवतात, तिथूनच पुढची भांडणं सुरू होतात.

आता भिंत. विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि तुम्हाला नीट पाहूनही न दिसणारा दोष त्यानं सांगायलाच हवा, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं. ही भिंत तर तुम्ही पाहिलीत, मला कळवलीतसुद्धा! उद्या ती बसली तर त्याला जबाबदार धरता येणार नाही. तेव्हा गवंडी आणि सुतार आधी नेऊन दाखवा, खर्च किमतीतून आत्ताच कापा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उकरून पाहायला सांगा.

आणि ती भिंत आहे कोणाची? जुन्या गावठाणात दोन घरं एकाच भिंतीवर उभी असतात. सामाईक निघाली तर शेजाऱ्याला डावलून पाडता येणार नाही. गावाची ड्रोन मोजणी होऊन आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) निघाली असेल तर ती मागा, आणि टेप घेऊन स्वतः मोजा.

त्याला तुमच्यासमोर बहिणींना फोन लावायला सांगा. सहीला येतो म्हणाल्या तर इसारपत्र चौघांच्या सहीनं करा, पैसे चेकनं द्या. तो फोन टाळू लागला तर दुसरं घर बघा.