पेठेतल्या जुन्या व्यापारी इमारतीचं बांधकाम-वर्ष कसं शोधावं?

आधी सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे शहर मोजणीत जागेला दिलेला क्रमांक, मिळवा. भूमि अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढाच, पण सोबत चौकशी नोंदवहीचा, म्हणजे मोजणीच्या वेळच्या हक्क-चौकशीच्या वहीचा, उतारा मागा. मूळ धारक आणि त्याचा हक्क कशावरून ठरवला, हे तिथं सापडतं. पत्रिकेवरची तारीख बहुधा मोजणीची किंवा फेरफाराची (हक्क बदलल्याच्या नोंदीची) असते, बांधकामाची नव्हे. इथंच बहुतेक जण फसतात.

बांधकामासाठी नगरपालिकेची जुनी कर आकारणी नोंदवही बघा: ‘मोकळी जागा’ जाऊन ‘दुकान, माडी’ कधी आलं? मात्र फेरआकारणीत घर क्रमांक बदलतात, म्हणून चतुःसीमा (चारही बाजूंना काय आहे ते) जुळवून घ्या. जुने दस्त मोडी लिपीत असतील तर जाणकार गाठा.

कौलांवरच्या छापावर विसंबू नका. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना 1865 चा, म्हणजे त्याच्या छापाचं कौल त्याआधीचं नाही, एवढंच कळतं. पण कौलं मागाहूनही चढतात.