माती लावण्याआधी पावसाळा बघ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पहिल्या स्वतंत्र कामाचे फोटो मिळाले. पुण्यातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, पश्चिमेला बाल्कनी, हॉलला दक्षिणेची एक खिडकी, आणि घरमालकांना हवंय ‘गावाकडच्यासारखं, मातीचं घर’. सोबत तू तपकिरी टेक्श्चर पेंटच्या तीन छटा पाठवल्या आहेस. त्या आधी बाजूला ठेव. मातीचा लेप पावसाळ्यात हवेतली दमट ओल शोषतो आणि हवा कोरडी झाली की सोडून देतो. पेंटला यातलं काहीच जमत नाही, तो फक्त रंग दाखवतो. घर बारा महिने एकसारखं दिसावं अशी अपेक्षा असेल तर तिथे माती वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ऋतूप्रमाणे घर बदलणं म्हणजे काय, हे कोकणात जाऊन बघ. पावसाळा सरला, भात कापून झालं की अंगण नव्याने केलं जातं. धुपलेली, शेवाळलेली जमीन खणायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची आणि वर शेणाने सारवायची. मग खांब रोवून वर झावळ्यांचा मांडव. चैत्र-वैशाखात सगळं घर त्या मांडवाखाली असतं. वाळवणं तिथे, पाहुणे तिथे, रात्रीची अंथरुणंही तिथेच. आगोट, म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, जवळ आली की मांडव उतरतो आणि पावसाच्या बाजूला झापं, म्हणजे विणलेल्या झावळ्यांचे आडोसे, बांधली जातात. म्हणजे घराची एक अख्खी खोली दरवर्षी उभी राहते आणि दरवर्षी मोडली जाते. इतकी नेमकी रचना मी कुठल्याही नकाशात पाहिलेली नाही. तुझ्या बाल्कनीचा विचार याच अंगाने कर. होळीपासून मृगापर्यंत तिथे वाळ्याचे पडदे सोडता येतील असे आकडे बसव, आणि पडदे उतरल्यावर ते कोरडे राहतील अशी जागा माळ्यावर राखून ठेव. त्या जागेचा विचार कुणी करत नाही, म्हणून पडदे दुसऱ्याच वर्षी बुरशीने जातात.

आता ऊन. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, तिथून जुलै संपेपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, आणि दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं थेट ऊन आत येत नाही. डिसेंबरअखेर मात्र तो दुपारी जेमतेम ४८ अंशांवर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि छज्जा आड येत नसेल, तर ऊन सव्वासहा फूट आत येतं. त्या खिडकीला काटकोनात असलेली भिंत घासून ते ऊन जातं. मातीचा लेप करायचा तर त्या भिंतीला कर. तिरप्या उन्हात भुशाची काडी न् काडी दिसते, हाताने फिरवलेल्या थापीचा प्रत्येक वळसा उठून येतो. सगळ्या भिंती मातीच्या करण्याचा हट्ट नको. एक पुरे.

मातीची निवड मात्र घाईने करू नकोस. शेतातली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की तडकते, ती एकटी चालत नाही. आपल्याकडे घरं बांधली गेली ती गावठाणातल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढरट, मातीने. वरचा पालापाचोळ्याचा, मुळ्यांचा थर टाकून खालची घे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून जोरात हलव आणि ठेवून दे. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, तिच्यावर पोयटा, म्हणजे बारीक गाळ, आणि सगळ्यात शेवटी चिकणमाती. थरांची जाडी बघितलीस की अंदाज येतो. खरी परीक्षा भिंतीवरच. एकास एक, एकास दोन, एकास तीन असं वाळूचं प्रमाण वाढवत दीड-दोन वितींचे चौकोन लाव आणि पुरते वाळू दे. तड्यांची जाळी पडली तर चिकणमाती जास्त, तळवा फिरवल्यावर हाताला भुकटी आली तर कमी. गव्हाचा भुसा घालून कालवलेली माती काही दिवस मुरू दे, मग ती थापीला लोण्यासारखी येते. मुरलेल्या मातीला वास येतो. घरमालकांना आधीच सांग, तो वाळल्यावर जातो. अजिंठ्याची चित्रं ज्या गिलाव्यावर काढली आहेत तोसुद्धा माती आणि वनस्पतींच्या तंतूंचाच आहे, वर चुन्याचा पातळ हात. योग्य जागी माती किती टिकते याला आणखी पुरावा नको.

योग्य जागी, हे महत्त्वाचं. माती सिमेंटसारखी पक्की होत नाही, ती फक्त वाळते. पाणी लागलं की पुन्हा मऊ होते. म्हणूनच ती दुरुस्त करायला सोपी, आणि म्हणूनच बेसिनमागे किंवा गळक्या स्लॅबखाली कुचकामी. गळतीची ओल कुठलाही लेप बरी करत नाही, आधी गळती काढ. फ्लॅटच्या भिंतीवरचा जुना पेंट खरवडून, टाचे मारून, म्हणजे लेप धरायला भिंतीला खाचा पाडून, मगच पहिला हात दे. आणि हे काम पावसाळ्यात कधीही नको. लेप वाळत नाही, भुशाला बुरशी धरते. कार्तिक ते माघ हे मातीचे महिने.

चुन्याचं तंत्र वेगळं. चुनखडी सुमारे ९०० अंशांना भाजून कळीचा चुना होतो, तो पाण्यात विझवायचा, आणि भिंतीवर लागल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. त्याला ओलसर ठेवत सावकाश वाळू द्यावं लागतं, भर उन्हाळ्यात लावला तर भुकटी सुटते. स्वयंपाकघरात, ओट्याच्या वरच्या भागात चुना लाव, ओट्यालगत शहाबादी किंवा कडप्पा. चुन्यावर प्लास्टिक पेंट मारू देऊ नकोस. ओल आत कोंडते आणि पोपडे धरतात.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. लातूर-धाराशिवकडचं कुणी मातीच्या घराला घाबरलं तर त्यांना समजावत बसू नकोस, आधी ऐकून घे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, त्यातली बहुतेक मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाच्या, म्हणजे लाकडांवर मातीचा जाड थर दिलेल्या सपाट छपराच्या, ओझ्याखाली. भिंतींचे आतले-बाहेरचे पदर एकमेकांना बांधलेले नव्हते. तू फ्लॅटमध्ये करतेयस तो केवळ लेप आहे, पण उद्या कुणी जुनं माळवद राखायला बोलावलं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय हात लावायचा नाही.

कामाला माणसं घेशील तेव्हा गवंड्याबरोबर सारवणाऱ्या बायकाही बोलाव. मातीचा शेवटचा पातळ हात त्यांच्यासारखा कुणाला येत नाही. त्यांना गवंड्याइतकीच मजुरी दे. ‘मदतनीस’ म्हणून त्यांचे पैसे कापण्याची आपल्या धंद्यातली खोड मला अजिबात मान्य नाही.

काम संपल्यावर त्याच खाणीतली चाळलेली माती आणि थोडा भुसा एका डब्यात भरून घरमालकांकडे ठेव. लहान मुलांनी कोपरा खरवडला, खुर्ची लागली, तर तीच माती भिजवून लावता येते. दुसरीकडची माती घेतली की ठिगळ दिसतं.

आता मृग लागेल. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी त्या घरी जाऊन ये. झड कुठल्या खिडकीतून येते, कुठला कोपरा दमट राहतो, कपडे कुठे वाळत घालतात, सगळं नकाशावर लिही. आणि घरमालकांना स्पष्ट विचार, दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास भिंतीच्या डागडुजीसाठी एक दिवस द्याल का? ‘नाही’ म्हणाले तर त्यांना चांगल्या चुन्याच्या भिंती आणि कोट्याची फरशी करून दे, त्यातही घर सुरेख होईल. ‘हो’ म्हणाले तर सप्टेंबर संपायच्या आत मातीचे नमुने बरणीत घालून मला दाखव. दिवाळीनंतरच्या तारखांसाठी गवंड्याशी मी बोलून ठेवते.