गाडीच्या स्टिरिओमागची कोणती वायर कायम लाइव्ह आणि कोणती चावीवर, हे मल्टीमीटरने कसं ओळखायचं?

रंगावर अजिबात विसंबू नका, विशेषतः सेकंडहँड गाडीत. आधीच्या मालकाने काय जोडलंय सांगता येत नाही. मीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला घट्ट लावा. लाल प्रोब एकेका वायरला लावत जा. चावी काढलेली असताना जिथे 12.6 च्या आसपास दिसेल ती कायमची; चावी एसीसीवर (इंजिन बंद, पण स्टिरिओ चालतो ती जागा) आणल्यावरच व्होल्टेज येतं ती दुसरी. अर्थिंग (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) मीटरच्या बीपवर, म्हणजे जोड सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर, तपासायची तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत जोड हिरवे पडतात. मग नुसतं मोजलं तर मीटर 12 दाखवतो, पण लोड आला की व्होल्टेज बसतं. म्हणून त्या वायरला बल्ब जोडून, तो पेटलेला असतानाच मोजा. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मात्र प्रोब लावूच नका.