आधी घर बघून ये

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री बाराच्या सुमारास आलेला मेसेज पहाटे वाचला. टीम सांभाळण्यापेक्षा एकट्याने शंभर किलोमीटर पळणं सोपं, असं तू लिहिलंयस. आहेच सोपं. एकट्या माणसाला फक्त स्वतःच्या पायांची समजूत घालावी लागते. तू पळतोस चांगला आणि तुझ्या मनात खोट नाही, हे मला माहीत आहे. त्यावर शब्द घालवत नाही. झालं काय, ते बघू.

गेल्या रविवारी यवतेश्वरच्या घाटात सरावाला आपली दवाखान्यातली सिस्टर पाऊण तास उशिरा आली. तू दुपारी ग्रुपवर टाकलंस, ‘कारणं नकोत, किलोमीटर हवेत.’ खाली चार-पाच जणांनी अंगठे दिले. संध्याकाळी ती ग्रुपमधून बाहेर पडली. आता तू मला विचारतोयस की तिची माफी मागू, का डर्बनच्या यादीत, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या त्या नव्वद किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीच्या यादीत, तिच्या जागी दुसरं नाव घालू?

त्याआधी मला एक सांग. तू तिचं घर बघितलंयस का?

नाही बघितलंस. बघितलं असतंस तर तो मेसेज तुझ्या हातून गेलाच नसता.

माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली, बरीचशी जावळीच्या डोंगरात. पोरगं आठ दिवस शाळेत आलं नाही की मास्तरपुढे दोन वाटा असतात. पालकांना निरोप धाडायचा आणि हजेरीपटावर खूण करून मोकळं व्हायचं, नाहीतर चपला घालून वस्ती गाठायची. वस्तीवर गेलं की कळायचं, बाप मुंबईला माथाडीत आहे, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला गेलीय, आजी अंथरुणाला खिळलीय आणि पोरगं म्हशींमागं आहे. त्या पोराला शाळेत आणायचं तर आधी सकाळी म्हशी कुणी सोडायच्या याची सोय लावावी लागे. शेजारच्या म्हाताऱ्याला गळ घालायची, मग पोरगं दुसऱ्या दिवशी बाकावर. आम्ही याला गृहभेट म्हणायचो. धावण्याबद्दल मला जे काही कळतं, त्यातलं निम्मं या गृहभेटींतून आलंय. घर बघितल्याशिवाय गैरहजेरीचा अर्थ लागत नाही.

तुझी ती एक्सेलची शीट मी बघितली. मेहनत घेतलीयस. प्रत्येकाचे आठवड्याचे किलोमीटर, चढाई, हृदयाचे ठोके, आणि जिथं सराव चुकला तिथं लाल रंग. सिस्टरच्या रांगेत लालच लाल. आता त्या लाल चौकोनांच्या मागं काय आहे ते ऐक.

मी दिवाळीत तिच्याकडे गेलो होतो. दोन खोल्या. सासऱ्यांना अर्धांगवायू झालाय, त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत. सरकारी दवाखान्यात तिला पाळीपाळीने नाईट असते. नाईट संपवून सकाळी घरी आली की सासऱ्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, औषध, मग पोरांचे डबे, मग कुठं झोप. फ्रिजच्या मागच्या बाजूला, जिथं जरा ऊब असते, तिथं तिचे धावायचे बूट उभे करून ठेवलेले होते, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, म्हणजे पहाटेपर्यंत वाळावेत. एकच जोड आहे तिच्याकडे. आणि भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे केलेलं. त्या रविवारी ती नाईट करून, घरचं आवरून, सरळ घाटात आली होती. पाऊण तास उशिरा का होईना, आली. याच बाईने कॉम्रेड्सच्या अप रनला, म्हणजे डर्बनहून वर पीटरमॅरिट्झबर्गला पळायचं असतं त्या वर्षी, पीटरमॅरिट्झबर्गच्या अलीकडचा तो शेवटचा चढ पार करून कट-ऑफच्या आत पदक घेतलंय. तिला चिकाटीचा धडा तू देणार?

राग येतो मला. असो.

तू म्हणशील, सर, प्रत्येकाला काही ना काही असतंच, मग सराव कधी घ्यायचा? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचंही उत्तर माझ्याकडे एकच आहे. घर बघून ये. घर बघितलं की सरावाचं वेळापत्रक आपोआप शहाणं होतं. आपला एसटीवाला दादा घे. त्याची मुक्कामी गाडी असते. रात्री कुठल्या तरी टोकाच्या गावात गाडी लावायची, तिथंच झोपायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन खाली यायचं. त्याला ‘रविवारी पाचला पोवई नाक्यावर हजर’ म्हणून काय उपयोग? तो मुक्कामाच्या गावात पहाटे उठून डांबरी रस्त्यावर वर-खाली पळतो. तिथं रेंज नसते, म्हणून तुझ्या शीटमध्ये तो दिसत नाही. डेअरीवाल्याचं संकलन सकाळ-संध्याकाळ असतं. त्या वेळी गावातल्या बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या असतात. फॅट मोजायचं सोडून तो तुझ्याबरोबर इंटरव्हलचा वेगाचा सराव मारायला येईल कसा? हवालदारसाहेबांचा बंदोबस्त पालखी लोणंदला आली की लागतो, तो गणपती उरकेपर्यंत सुटत नाही. यांच्यापैकी एकही आळशी नाही. तू सगळ्यांना एकाच वेळेच्या खुंटीला बांधायला गेलास.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. आपल्या हार्डवेअरवाल्या शेटजींकडे मी एकदा सहज चहाला बसलो होतो. बोलता बोलता फ्रिजवर ठेवलेली गोळ्यांची डबी दिसली. विचारलं तर म्हणाले, बीपीची आहे, कधीपासून चालू आहे, त्यात काय सांगायचं. ग्रुपच्या मेडिकल फॉर्ममध्ये त्यांनी ‘काही नाही’ लिहिलं होतं. त्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. असं औषध अंगात असताना कुणी बारा तास पळत राहिला आणि ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला ऐकून प्रत्येक टेबलावर पाणी ढोसत गेला, तर रक्तातलं सोडियम घसरू शकतं. आधी मळमळ, डोकेदुखी, मग भ्रम, झटके. जीव जाऊ शकतो. पळणाऱ्यांमधला हा प्रकार १९८० च्या दशकात कॉम्रेड्सच्याच धावकांमुळे डॉक्टरांच्या नजरेत आला. शेटजींना मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी औषध बदलून दिलं आणि पाणी तहानेपुरतंच प्यायला सांगितलं. गुडघा दुखतो म्हणून पळताना पेनकिलर खाणाऱ्यांचंही तसंच. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर येतात. या गोष्टी कुणी फॉर्मवर लिहीत नाही रे. त्या फ्रिजवर, देवळीत, उशीखाली सापडतात. म्हणून घर बघायचं.

तू कॉम्रेड्सला जायचं म्हणतोस, पदकांची नावं तुला पाठ आहेत, लागोपाठ दोन वर्षं पळून मिळणाऱ्या बॅक-टू-बॅक पदकाचं गणित पाठ आहे. ती शर्यत सुरू कुणी केली, का केली, हेही जरा मनात ठेव. व्हिक क्लॅपहम हा पहिल्या महायुद्धातून परतलेला शिपाई. युद्धात गेलेल्या सोबत्यांची आठवण म्हणून त्याला ही शर्यत हवी होती. परवानगीसाठी त्याला खेटे घालावे लागले. १९२१ च्या २४ मे रोजी ३४ जण पीटरमॅरिट्झबर्गहून निघाले आणि १६ जण डर्बनला पोचले. जिंकला तो बिल रोवन, शेतकरी माणूस. वेळ ८ तास ५९ मिनिटं. पुढच्या वर्षी जिंकलेला आर्थर न्यूटन, तोही शेतकरीच. शेताची, दुकानाची, नोकरीची माणसं सुट्टीच्या दिवशी पळत होती. दुसरी बाजूही त्याच शर्यतीची. रॉबर्ट म्त्शाली हा काळा धावक १९३५ साली पळाला, पण त्याची नोंद अधिकृत नव्हती. काळ्यांना आणि स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७५ उजाडलं. आज म्त्शालीच्या नावाचं पदक देतात. यादीतून कुणाला वगळायचं असतं तेव्हा हे आठवत जा.

आणि त्या रस्त्यावर ज्याला ‘बस’ म्हणतात, ती तू बघशीलच. एक अनुभवी धावक हातात पाटी घेऊन पुढे असतो, त्याला बसचा ड्रायव्हर म्हणतात. मागे अनोळखी माणसांचा घोळका. ड्रायव्हर म्हणाला चाला की सगळे चालतात, म्हणाला पळा की पळतात, चढावर गाणी म्हणतात. आमच्या एसटीवाल्या दादाला याचा केवढा आनंद झाला होता! बारा तास पुरे झाले की पंच धावकांकडे पाठ करून बंदूक झाडतो आणि मागे राहिलेल्यांना दरवाजा बंद. पाठ अशासाठी, की कोण पाऊलभर मागे राहिलं ते त्याला दिसू नये. पंचाचं ते कामच आहे. तुझं काम पंचाचं नाही. तू ड्रायव्हर आहेस, तुला मागे वळून बघावंच लागेल.

आता एक मनातलं सांगतो. टीम नवी होती तेव्हा आपल्यात एक पेंटर होता. घरं रंगवायचा. कासच्या चढाला त्याच्याइतकं हलकं पळताना मी कुणाला बघितलं नाही. मुंबईची मॅरेथॉन त्याने पळाली, कॉम्रेड्सची पात्रता आरामात मिळवली. मग डर्बनच्या खर्चाची बैठक झाली. विमान, व्हिसा, हॉटेल धरून आकडा लाखांत गेला. त्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. मी तेव्हाच म्हणालो होतो, त्याच्या घरी जाऊ. टीम चालवणारे म्हणाले, सर, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे, रस संपला असेल त्याचा. मी टीममध्ये नवखा होतो, बहुमतापुढे गप्प बसलो. काही वर्षांनी तो महामार्गावरच्या टोलनाक्यावर पावत्या देताना भेटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तेवढ्यात तो एवढंच म्हणाला, ‘सर, वाटलं होतं कुणीतरी येईल.’ वर्गणी काढून त्याला नेता आलं असतं. निदान आपल्याबरोबर कासला तरी तो पळत राहिला असता. त्याला डर्बन दिसलं नाही, आणि आपल्याला तो. हे शल्य माझं जायचं नाही.

त्यानंतर मी हट्ट धरला, आणि तो सोडणार नाही. लोक म्हणतात, सरांनी टीमचं भजनी मंडळ केलं, वेळेकडे कुणाचं लक्ष नाही. म्हणू देत. आपला एकही माणूस पोडियमवर उभा राहिला नाही, मान्य. पण सिस्टरच्या सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा रात्री गाडी कुणी आणली? डेअरीवाल्याने. का आणू शकला? कारण त्याला घर माहीत होतं, गल्लीत गाडी कुठपर्यंत जाते तेही माहीत होतं. शेटजींच्या मुलीच्या लग्नात वाढपी कोण होते? आपलीच माणसं. मला हे धावण्याच्या बाहेरचं वाटत नाही. नव्वद किलोमीटरमध्ये साठ झाले की माणूस स्वतःच्या जोरावर पळत नाही. मागे घर तोलून धरलंय याची खात्री असेल तरच पाय उचलतो. ती खात्री तू तुझ्या माणसांना दिलीस का, एवढंच मी विचारतोय.

आजकाल कुणाच्या घरी असं जाणं बरं दिसत नाही, असं तू मागे एकदा म्हणाला होतास. मग फोन करून जा. बायामाणसांच्या घरी जायचं असेल तर तुझ्या आईला बरोबर घे. शीट नेऊ नकोस. सल्ला देऊ नकोस. चहा देतील तो पी, नको म्हणू नकोस. घरात किती वाजता कोण उठतं, डबा कोण करतं, आजारी कोण आहे, हप्ते कशाचे चालू आहेत, हे विचारावं लागत नाही, बसलं की कळतं. नवरा किंवा सासू धावण्याबद्दल काय बोलतात तेही ऐक. त्यांचं ऐकायला आपल्यापैकी कुणी जातच नाही. आणि तू काय करतोस, तुझे वडील दुकानात एकटे पडतात का, हे सिस्टरलाही सांग. आपलं घर झाकून दुसऱ्याचं बघायला गेलास तर ती चौकशी होईल.

माफीचं म्हणशील तर ती ग्रुपवर मागू नकोस. तिथं मागितलेली माफी त्या अंगठेवाल्यांसाठी असते.

येत्या रविवारची कासची लाँग रन मी घेतो. पाणी, मीठ, केळी, मागची गाडी सगळं बघतो, तू त्या बाजूला फिरकू नकोस. सिस्टरची त्या दिवशी सुट्टी आहे, मी विचारून ठेवलंय. चारनंतर या म्हणाली. सासऱ्यांना कंदी पेढे आवडतात, पण त्यांना साखर आहे, म्हणून पोरांसाठीच ने आणि पुडा तिच्या हातात दे. बुधवारी दादाची सुट्टी असते, तो गावी असेल, तिकडे आपण दोघं जाऊ. डर्बनच्या यादीची शेवटची तारीख अजून लांब आहे. यादीला तोवर हात लावू नकोस.

तुझा,
सर