‘दीड कोटी अंश उष्णता’ आणि ‘कणाचे तापमान’

एका वाचकाने दोन वाक्ये पाठवून ती बरोबर आहेत का, असे विचारले आहे. पहिले वाक्य, ‘सूर्याच्या गाभ्यातील उष्णता दीड कोटी अंश आहे.’ दुसरे, ‘तेथील प्रत्येक कणाचे तापमान दीड कोटी अंश आहे.’ माझ्या मते दोन्ही वाक्ये चुकली आहेत आणि दुसऱ्यातील चूक अधिक खोलवरची आहे.

पहिल्या वाक्याचा निकाल लवकर लागतो. ‘तापमान’मधला ‘मान’ हा दिनमान, पर्जन्यमान यांतलाच, म्हणजे मापाचा. अंश लागतात ते या मापाला. उष्णता ही ऊर्जा असल्यामुळे ती ज्यूलमध्ये मोजतात. शिवाय उष्णता मिळते, वाहते, बाहेर पडते, तर तापमान चढते किंवा उतरते. सूर्याच्या प्रभामंडलाचे, म्हणजे त्याच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाचे, तापमान दहा लाख केल्विनहून (केल्विन हे तापमानाचे एकक) अधिक असते, पण तेथील वायू इतका विरळ असतो की त्यात साठलेली ऊर्जा अगदी थोडी भरते. तापमान प्रचंड आणि ऊर्जा तुटपुंजी, असे एकाच ठिकाणी संभवते, म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवायचे. (जाता जाता : एकक केल्विन असेल तर ‘अंश’ लिहू नये, १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीने ‘अंश केल्विन’ सोडून नुसते ‘केल्विन’ स्वीकारले.)

दुसऱ्या वाक्यात अडचण ‘प्रत्येक’ या शब्दाची आहे. तापमान समुदायाचे असते. एकट्या कणाला वेग असतो, ऊर्जा असते, तापमान नसते. दीड कोटी केल्विनला प्रोटॉनचा वेग सरासरीने सेकंदाला सुमारे ६०० किलोमीटर पडतो. इलेक्ट्रॉन त्याच्यापेक्षा सुमारे १,८३६ पट हलका असूनही, सततच्या टकरींमुळे ऊर्जेची वाटणी होत राहत असल्याने, त्याची सरासरी गतिज ऊर्जा प्रोटॉनइतकीच असते आणि म्हणून त्याचा वेग सुमारे ४३ पट भरतो. पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात त्या गर्दीत काही कण अगदी रेंगाळत असतात, तर काही सरासरीच्या कितीतरी पुढे धावत असतात, आणि सूर्याचे चालते ते मुख्यतः या पुढच्यांच्या जोरावर.

दीड कोटी केल्विनला कणाची सरासरी गतिज ऊर्जा सुमारे दोन हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे छोटे एकक) असते. सूर्याची ऊर्जा येते ती संमीलनातून, म्हणजे प्रोटॉन एकमेकांशी जुळण्यातून, पण दोन प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. ते प्रतिकर्षण सरळ ओलांडायचे तर याच्या शेकडो पट ऊर्जा लागेल. ते ओलांडणे शक्य नसते, तरी पुंजयांत्रिकीच्या, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या वर्तनाच्या शास्त्राच्या, नियमांनुसार त्यातून आरपार निसटण्याची अल्पशी शक्यता उरते, आणि ऊर्जा वाढली की ती झपाट्याने वाढते. उलट जास्त ऊर्जेचे कण झपाट्याने दुर्मीळ होत जातात. या ओढाताणीत संमीलनाचा बहुतेक वाटा अशा जोड्यांकडे जातो, ज्यांची परस्परसापेक्ष ऊर्जा सरासरीच्या साधारण तिप्पट असते. ‘प्रत्येक कणाचे तापमान’ म्हटले की सगळे कण एका मापाचे ठरतात आणि नेमकी हीच गोष्ट वाक्यातून निसटते.

तेव्हा ‘सूर्याच्या गाभ्याचे तापमान सुमारे दीड कोटी केल्विन आहे’ एवढे लिहावे, आणि कणांविषयी सांगायचे असल्यास ‘त्या तापमानाला कणांची सरासरी गतिज ऊर्जा’ असा प्रयोग करावा. मात्र ‘तापमान म्हणजेच सरासरी गतिज ऊर्जा’ ही व्याख्या सरसकट करू नये, कारण श्वेत बटू ताऱ्यात, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या दाट गाभ्यात, ती कोलमडते. तेथे इलेक्ट्रॉन इतके दाटीवाटीने असतात की खालच्या ऊर्जेच्या सगळ्या जागा भरलेल्या असतात. तारा निवत गेला तरी इलेक्ट्रॉनांना खाली उतरायला जागाच नसते, आणि तापमान घसरत असताना त्यांची ऊर्जा जवळजवळ होती तेवढीच राहते.