'इनसाइड मॅन' हा बँक दरोड्याचा सिनेमा कसा आहे? त्यात काय जमलंय आणि काय फसलंय?

तुम्ही विचारलंय की २००६ चा स्पाइक ली चा 'इनसाइड मॅन' बघण्यासारखा आहे का आणि त्याच्या चांगल्या-वाईट बाजू कोणत्या. मी सिनेमातली जाणकार वगैरे अजिबात नाही, पण ठाण्यात नौपाड्यातल्या एका बँकेत तेरा वर्षं काढलीयत, त्यातली सहा लॉकरच्या टेबलवर, त्यामुळे ह्या एका सिनेमाबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे असं मी धरून चालते. शेवट सांगणार आहे, ज्यांना नकोय त्यांनी इथेच थांबा.

पहिल्यांदा मी हा नेरूळ-ठाणे ट्रेनमध्ये मोबाईलवर बघितला, चार दिवस तुकड्यातुकड्यात, आणि तसा चुकूनही बघू नका. कारण मधेमधे पोलीस ओलिसांची चौकशी करतायत असे सीन येतात, ते दरोडा संपल्यानंतरचे असतात आणि रंगसुद्धा वेगळा फिकट असतो, पण कोपरखैरण्याला माणसं घुसली की कोणाचा रंग नि कोणाचं काय, मला दोन दिवस वाटत होतं की ही माणसं बाहेर कधी आली आणि परत आत कशी गेली. मग रविवारी घरी टीव्हीवर सलग लावला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

सुरुवातीलाच 'छैय्या छैय्या' लागतं! म्हणजे खरंच आपलं 'दिल से' मधलं रेहमानचं, न्यूयॉर्कमध्ये रंगाऱ्यांची गाडी चाललीय आणि वर सुखविंदर सिंग गातोय. नवऱ्याला वाटलं मी चुकून दुसरंच काहीतरी लावलं. त्याच्या आधी चोरांचा म्होरक्या झालेला क्लाइव्ह ओवेन कॅमेऱ्याकडे बघून सांगतो मी कोण, काय करणार, कुठे, कधी, का, आणि हेही सांगतो की अरुंद खोलीत अडकणं वेगळं आणि तुरुंगात असणं वेगळं. आपण ऐकतो आणि सोडून देतो, म्हणतो हा जेलमधून बोलतोय. सगळा सिनेमा त्याने पहिल्या मिनिटात सांगून टाकलेला असतो आणि तरी आपण दोन तास फसत राहतो, ही ह्याची सगळ्यात भारी गोष्ट.

दुसरी भारी गोष्ट म्हणजे दरोडेखोर सगळ्या ओलिसांना आपल्यासारखेच कपडे आणि मास्क घालायला लावतात. मग बाहेर येताना कोण चोर कोण गिऱ्हाईक कोणालाच कळत नाही, पोलीस सगळ्यांनाच आडवं पाडतात. त्यातच बँकेचा एक शीख कर्मचारी बाहेर येतो, पोलीस त्याला अरब समजून धरतात आणि पगडी काढून घेतात, आणि तो म्हणतो आधी माझी पगडी द्या मग बोलतो. पोलीस अधिकारी झालेल्या डेन्झेल वॉशिंग्टनशी त्याचं बोलणं गंभीर असताना मधेच हसू येतं. असं शहर दाखवायला जमतं स्पाइक ली ला, आणि ते दरोड्याच्या सिनेमात सहसा सापडत नाही. पिझ्झाच्या खोक्यात पोलीस माईक लपवून आत पाठवतात आणि आतून कुठल्यातरी अगम्य भाषेत बोलणं ऐकू येतं, शेवटी रस्त्यावरच्या गर्दीतला एक मजूर सांगतो की ही अल्बेनियन आहे. भाषांतर होतं तेव्हा कळतं की ते अल्बेनियाच्या मेलेल्या नेत्याच्या भाषणाची टेप आहे. एवढा मोठा पोलीस फौजफाटा बाहेर कान लावून बसलाय आणि आत टेप वाजतेय.

एक कोडंही आहे, फोनवर घालतात, अमेरिकेच्या सगळ्या नोटा छापायला लागणाऱ्या झाडांचं वजन जास्त की अमुक अमुक गाड्यांचं असं काहीतरी. मी सोफ्यावरून ओरडले की नोटा झाडापासून होतच नाहीत, कापसाच्या असतात! आपल्याही कापसाच्याच असतात, म्हणून तर खिशात धुतल्या गेल्या तरी लगदा होत नाही. अर्धं कोडं मला आलं होतं, राहिलेलं अर्धं तुम्हीच बघा.

आता बँकेत काम करणाऱ्या माणसाला पटणारी गोष्ट. बहुतेक सिनेमात हिरो एका ब्रीफकेसमध्ये करोडो घेऊन पळतो. अहो, पाचशेच्या नोटांचं एक बंडल म्हणजे हजार नोटा, पाच लाख. एक कोटी म्हणजे वीस बंडलं, वजन बावीस-तेवीस किलो. आमच्या हेड कॅशियरना विचारा, ट्रॉली लागते. आणि शाखेत रोकड किती ठेवायची त्याला लिमिट असते, जास्तीची रोकड करन्सी चेस्टला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा साठवणाऱ्या मोठ्या तिजोरीला जाते, त्यामुळे शाखा फोडून कोण किती नेणार? ह्या सिनेमातले चोर कॅशला हातच लावत नाहीत, त्यांना एकच लॉकर हवा असतो, नंबर ३९२. डोकं असलेला चोर असाच विचार करेल. आमच्या इथे नवी मुंबईत जुईनगरला नोव्हेंबर २०१७ मध्ये तेच झालं होतं की, जवळचं दुकान भाड्याने घेतलं, आतून भुयार खणलं आणि शनिवार-रविवारच्या सुट्टीत थेट लॉकर रूममध्ये वर आले, तीसेक लॉकर फोडले. सोमवारी सगळ्यांना कळलं. मी रोज त्या स्टेशनवरून जाते, आणि त्या आठवड्यात आमच्या शाखेत ठाण्यातसुद्धा लॉकर उघडून बघायला रांग होती, गौरी-गणपतीला दागिने काढायला नसते तेवढी. लोक विचारत होते मॅडम तुमच्या खाली काय आहे. खाली आमच्या एक झेरॉक्सवाला आणि एक वडापाववाला आहे, दोघांकडेही संशयाने बघून झालं. तेव्हा तर लॉकरमधलं गेलं तर बँक हातच वर करायची, शंभर पट भाड्यापर्यंत जबाबदारीचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून लागू केला. तोही भाड्याच्या शंभर पट, दागिन्यांच्या किमतीच्या नाही, हे कोणी वाचत नाही.

आता कमकुवत बाजू. सगळेजण एकच सांगतात, की लॉकर ३९२ मध्ये बँकेच्या मालकाने, म्हणजे क्रिस्टोफर प्लमरने, नाझींबरोबर कमावलेल्या पैशाचे कागद साठ वर्षं का ठेवले, जाळून का नाही टाकले, एवढं मोठं भोक कथेत कसं काय राहिलं. मला उलट तोच भाग सगळ्यात खरा वाटला. लॉकरच्या टेबलवर बसून बघा. नियम असा की बँकेची किल्ली आणि गिऱ्हाइकाची किल्ली दोन्ही लागतात, आपली लावून आपण बाहेर यायचं, आत काय आहे ते बघायचं नाही. पण म्हातारी माणसं स्वतःहून सांगतात, ऐकायला कोणी नसतं ना घरी. एक आजोबा होते (बारीकसारीक बदलून सांगतेय), दर चार महिन्यांनी यायचे, लॉकरमध्ये सोनं नाही काही नाही, एक जुना वाटणीचा कागद. भावाचा घरात हिस्सा आहे असं स्वतःच्या सहीने लिहिलेलं. भाऊ गेलेला, तिसऱ्या कोणाला ठाऊक नाही, आणि हे त्या घरात राहतायत मुलासुनेबरोबर. मी म्हटलं आजोबा मग कशाला भाडं भरताय एवढ्याशा कागदाचं. तर म्हणाले, जाळायला हात धजत नाही आणि घरी ठेवला तर सून वाचेल. संपलं. चहा पिऊन गेले. त्यामुळे प्लमरने ते कागद नष्ट केले नाहीत ह्यावर मी लगेच मान डोलावली, नवरा म्हणाला काहीही काय, मी म्हटलं तू ये एक दिवस माझ्या टेबलवर.

माझी तक्रार त्या कागदाबद्दल वेगळीच आहे. ३९२ हा लॉकर बँकेच्या रेकॉर्डवरच नाही, पोलिसांना तिथेच संशय येतो, ठीक, मालकाने स्वतःच्या बँकेत केलं असेल. मग त्या चोराला तो कसा कळला? रजिस्टरला नाही, भाड्याच्या यादीत नाही, मालक कोणाला बोलणार नाही. बँकेत कुठलंही प्रकरण झालं की पहिला प्रश्न आतला माणूस कोण, आमच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा तेच घोकून घेतात. सिनेमाचं नावच 'इनसाइड मॅन' आणि नेमकी तीच गोष्ट नीट सांगत नाहीत, भिंतीच्या आत बसलेला माणूस (त्याचं पुढे सांगते) दाखवून शब्दाचा खेळ करतात आणि निसटतात. हे मला फसवल्यासारखं वाटलं.

जोडी फॉस्टरचं पात्र म्हणजे एक मोठ्या लोकांची कामं गुपचूप करून देणारी बाई, चालते काय, बोलते काय, बघत राहावं. पण ती नक्की करते काय हो? आत जाते, चोराशी गप्पा मारते, बाहेर येते. तिला काढलं तर गोष्टीत फार फरक पडत नाही. विलेम डेफोसारखा नट घेतलाय आणि त्याला व्हॅनमध्ये बसवून ठेवलाय. आणि वयाचा हिशोब, प्लमरचा जन्म १९२९ चा, सिनेमाच्या वेळी शहात्तर वर्षांचा, म्हणजे महायुद्ध संपलं तेव्हा पंधरा वर्षांचा. पंधराव्या वर्षी नाझींबरोबर धंदा? नव्वदीतला कोणीतरी घ्यायला हवा होता, किंवा मेकअप तरी. दरोडा संपल्यावरही सिनेमा बराच वेळ चालू राहतो, तिथे नवरा झोपला आणि मी त्याला दोष देत नाही. हिऱ्याचा सीन मात्र उठवून दाखवला, तो चुकवायचा नाही.

आणि आता ती भिंत. क्लाइव्ह ओवेन एक आठवडा बँकेच्या स्टोअर रूममध्ये खोट्या भिंतीमागे लपून राहतो आणि मग आरामात दरवाजातून निघून जातो. कल्पना जबरदस्त, पण बँकेत काम केलेल्या कोणालाही पहिला प्रश्न पडेल की त्या आठवड्यात स्टेशनरी काढायला कोणी गेलंच नाही का? खोली चार फूट लहान झाली आणि शिपायाला कळलं नाही? आमच्या शिपाईमामांना व्हाउचरचा गठ्ठा एक वीत सरकला तरी कळतं. ह्यावर मी रविवारी रात्री जेवताना एवढं भांडले की दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्यावर पहिल्यांदा आमच्या स्टेशनरी रूममध्येच गेले, बघायला, मागच्या भिंतीपर्यंत किती पावलं होतात. भिंत दिसलीच नाही. मार्च एंडिंगचे गठ्ठे, जुनी लेजरं, दोन मोडक्या खुर्च्या आणि गेल्या वर्षीची न वाटलेली कॅलेंडरं, तीन पावलांवर रस्ता बंद. मामा मागून येऊन म्हणाले मॅडम काय शोधताय, मी म्हटलं काही नाही, ह्याच्या मागे काय आहे? तर ते म्हणाले, काय माहीत, मी लागलो तेव्हापासून असंच आहे.

तेव्हा हा भिंतीचा मुद्दा अर्धाच धरा. बाकी बघा जरूर, फक्त ट्रेनमध्ये नको.