मुलांना जुनी चिनी मातीची बाटली सापडली आहे. तिच्यावरून आमच्या भागाचा इतिहास त्यांना कसा शोधायला लावू?

आधी एक कळकळीची विनंती: बाटली कशाची, किती सालची, हे स्वतः शोधून मुलांना सांगून टाकू नका. शोधायची मजाच त्यांच्या हातून जाईल. फक्त धुताना तुम्ही सोबत असा. अशा बाटल्यांत शाई, बुटांचं पॉलिश, क्वचित रसायनंही असत, त्यामुळे आतला वास घेऊ देऊ नका. खरवडूही नका, बुचाचा तुकडा अडकलेला असेल तर तोही पुरावाच आहे. ती नेमकी कुठे मिळाली, तेही लगेच लिहून ठेवा.

मग डोळे मिटून बोटं फिरवायला सांगा. संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे लागले तर ती बहुधा मिठाची झिलई. भट्टी सुमारे १२०० अंशांवर गेली की तिच्यात मीठ टाकत. त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी मिळून काचेसारखा थर धरी. हे ऐकून मुलं पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघतात.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांना द्या. पोटावर ठळक छापलेलं नाव बहुधा पेय विकणाऱ्याचं, आणि तळाजवळचा बारीक ठसा बाटली घडवणाऱ्या कारखान्याचा. एकोणिसाव्या शतकात जिंजर बियर अशा बाटल्यांतून विकली जाई. ‘डोल्टन, लॅम्बेथ’ असा ठसा दिसला तर बाटली लंडनमध्ये घडली एवढंच कळतं. ती कुठे भरली, कोणी विकली, ते पोटावरचं नाव सांगतं. तुमच्या भागाचा धागा तिथे आहे. ते नाव जुन्या वर्तमानपत्रांच्या जाहिरातींत, व्यापाऱ्यांच्या जुन्या सूचींत शोधा. पत्ता असेल तर जुना नकाशा घेऊन मुलांना त्या जागी न्याच.

तोंडही बघा. दातेरी पत्र्याच्या झाकणाचं पेटंट १८९२ चं, म्हणून तसं तोंड असेल तर बाटली त्याआधीची नाही. बुचाच्या तोंडावरून मात्र ‘जुनीच असणार’ म्हणता येत नाही, कारण बुचं नंतरही चालू राहिली. यासाठी वहीत ‘दिसतं ते’ आणि ‘वाटतं ते’ असे दोन रकाने करून घ्या.

नावच नसेल तर हिरमुसू नका. तोंडाला ओतायची चोच असेल आणि बाटली मोठी असेल, तर ती घाऊक शाईची असू शकते. मग मुलांना विचारा: इतकी शाई लागेल असं इथे काय होतं? शाळा, कचेरी, छापखाना?